साल्वादोरला पहिल्यांदा जाताना: सॅक घेऊन निघालेल्या जोडप्यासाठी

ब्राझील म्हटलं की आपल्याकडे लगेच रिओ आठवतं. रिओ देखणं आहेच, पण पाठीवर सॅक टाकून, खर्चाचा हिशोब ठेवत फिरणाऱ्या दोघांनी पहिलं शहर म्हणून साल्वादोर निवडावं, असं माझं मत आहे. बाहिया राज्याची ही राजधानी पोर्तुगिजांनी १५४९ मध्ये वसवली आणि १७६३ पर्यंत सगळ्या ब्राझीलचा कारभार इथूनच चालत होता. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं इथे थांबायची. काजू, अननस, मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून, आणि आंबा, फणस, नारळ तिकडे गेले तेही त्यांच्याच मार्फत. त्यामुळे इथल्या बाजारात पहिल्याच दिवशी निम्मा माल ओळखीचा निघतो.

‘बघायची ठिकाणं’ अशी यादी करून एकेकावर टिक मारत जाल, तर मात्र फसाल. चर्चला जावं तर ते बंद, बोटीला जावं तर पाणी उतरलेलं, आणि गल्लीत रंग भरायला लागतो तेव्हा तुम्ही हॉस्टेलवर झोपलेले. इथे तीन गोष्टी बघून बाहेर पडायचं: आज वार कोणता, भरती-ओहोटी कधी आणि सूर्य कधी मावळतो. बाकीचं सगळं यात बसवता येतं.

घरून निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलला जायला आधी व्हिसा काढावा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. कागदपत्रांची यादी बदलत राहते, म्हणून ती त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या. मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली पीडीएफ धरून बसू नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यलो फीव्हरची लस, म्हणजे पीतज्वराची. पुष्कळ जणांना वाटतं की ती ब्राझीलसाठी लागते. खरी अडचण परत येताना होते. ब्राझीलहून भारतात उतरणाऱ्याकडे या लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात आणि मग ते आयुष्यभर चालतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकीट काढलं की पाठोपाठ हे काम उरका. पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इनच्या सॅकमध्ये नको.

मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबा, दुबई किंवा दोहा करत साओ पावलो आणि तिथून अडीचेक तासांचं देशांतर्गत विमान, हा नेहमीचा रस्ता. साओ पावलो ते साल्वादोर बसने जाण्याचा मोह होईल, पण ते अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे. पाठीची दया करा.

एप्रिल ते जून-जुलै पावसाचे दिवस. डिसेंबर ते फेब्रुवारी कडक ऊन, गर्दी आणि चढे भाव. सप्टेंबर ते नोव्हेंबर मला सगळ्यात बरा वाटतो. कार्निव्हल पहिल्या भेटीत नको. तेव्हा रस्त्यात लाखो माणसं असतात, खोल्यांचे दर अनेक पटींनी चढतात आणि शहर असं दिसतच नाही.

सामान कमी घ्या. साल्वादोरमध्ये वीज १२७ व्होल्टची आहे. मोबाइलच्या चार्जरला फरक पडत नाही आणि त्याची बारीक दोन पिनांची टोकं तिथल्या सॉकेटमध्ये बसतातही. लॅपटॉपच्या जाड तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागेल. चहासाठी घरची इलेक्ट्रिक किटली नेणारे आपल्यात बरेच असतात. ती तिथे जेमतेम एक तृतीयांश ताकदीने चालते, पाणी उकळेपर्यंत चहाची इच्छा मरून जाईल. तिच्याऐवजी हॉस्टेलच्या लॉकरसाठी एक बरं कुलूप घ्या.

पैसे

चलन रिआल. ब्राझीलमध्ये आपल्या यूपीआयसारखी ‘पिक्स’ नावाची सोय २०२० पासून आहे आणि नारळवाल्यापासून सगळे ती वापरतात. मात्र तिला तिथलं बँक खातं आणि सीपीएफ नावाचा करदाता क्रमांक लागतो, म्हणजे तुमच्या कामाची नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं फॉरेक्स कार्ड दोघांकडे वेगवेगळं असू द्या आणि ती दोन कार्डं कधीही एका पाकिटात ठेवू नका. वाळूवर फिरणाऱ्या विक्रेत्याकडेही कार्डाचं छोटं यंत्र असतं. टॅप करण्याआधी स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचा. ‘स्क्रीन बिघडलीय’ म्हणाला तर रोख द्या किंवा उठा. एटीएममधून पैसे दिवसाउजेडी, बँकेच्या किंवा मॉलच्या आतूनच काढा. हॉटेलच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेलं असतं, वर टिप द्यायची गरज नाही.

सिमसाठी दुकानात पासपोर्ट आणि सीपीएफची चर्चा करत बसण्यापेक्षा भारतातूनच ई-सिम घेऊन जा.

मुक्काम कुठे

तीन पर्याय डोक्यात ठेवा. बार्रा (टॅक्सीवाला ‘बाहा’ म्हणेल, गोंधळू नका) हा समुद्राकाठचा भाग. किनारा, दुकानं, बस सगळं पायी अंतरावर. सांतो आंतोनियो ही जुन्या शहराच्या टोकाची रंगीत घरांची वस्ती, खालचा उपसागर दिसणाऱ्या छोट्या पोसादा म्हणजे घरगुती लॉज तिथे आहेत. रिओ व्हर्मेल्यो हा रात्री जागणारा भाग, खाणंपिणं आणि गाणं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तीन-चार रात्री बार्रा आणि नंतर दोन रात्री सांतो आंतोनियो असं करावं. पेलोरिन्योच्या, म्हणजे जुन्या शहराच्या मध्यवस्तीच्या, ऐन चौकात खोली घेऊ नका, ढोलताशे झोपू देत नाहीत.

हॉस्टेलमध्ये जोडप्यासाठी वेगळी खोली मिळते, ‘क्वार्तु दे कझाल’ म्हणून मागायची. दोन डॉर्म बेडच्या भाड्यात थोडी भर घातली की ती परवडते. लग्न झालंय की नाही, आडनावं वेगळी का, हे कोणी विचारत नाही; दोघांचे पासपोर्ट दाखवले की झालं. नाश्ता बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतो: पपई, कलिंगड, केक, चीज आणि मक्याचा वाफवलेला कुसकुस. न्हाणीघरात शॉवरच्या तोंडातच पाणी तापवायची कॉइल असते. ओल्या हाताने त्या वायरींशी खेळू नका. कागद कमोडमध्ये न टाकता बाजूच्या डब्यात टाकायचा. हँडशॉवर बऱ्याच ठिकाणी असतो, ही आपल्यासाठी चांगली बातमी.

उतरल्यावर

विमान दिवसा उतरेल असंच तिकीट बघा. विमानतळ शहराच्या मध्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. टर्मिनलवरून मोफत बस मेट्रोच्या एअरपोर्ट स्टेशनला सोडते. तिथून दोन नंबरची लाइन आसेसो नोर्तेपर्यंत, गाडी बदलून एक नंबरने लापा, आणि लापाहून बार्राला बस किंवा उबर. स्वस्तात मस्त. पण दोघांच्या मोठ्या सॅक आणि अंधार अशी गाठ पडली, तर सरळ उबर किंवा ‘नाइन्टीनाइन’ नावाचं ॲप वापरा. भाडं दोघांत वाटलं की फार वाटत नाही.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. पहिले काही दिवस पहाटे चारला डोळे उघडतील. झोपेशी झगडू नका. साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि तेव्हा बार्राच्या समुद्रमार्गावर पळणारी, पोहणारी, म्हातारी-कोतारी सगळी जनता हजर असते. शहराशी ओळख करून घ्यायला यापेक्षा सुरक्षित वेळ नाही.

किनारा

ब्राझीलचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्रात सूर्य बुडताना फारसा दिसत नाही. पोर्तो दा बार्राचा छोटा किनारा उपसागराच्या बाजूला, पश्चिमेकडे वळलेला आहे. म्हणून संध्याकाळी अर्धं शहर तिथे गोळा होतं. सूर्यास्त जूनमध्ये सव्वापाचच्या आसपास, जानेवारीत सहाच्या सुमाराला. आपल्या हिशोबाने फारच लवकर, तेव्हा दुपारची झोप आवरती घ्या. पाणी शांत असतं, पोहायला जेमतेम येणाऱ्यालाही उतरता येतं. भरतीला वाळू फारच कमी उरते, म्हणून ओहोटीची वेळ धरा. त्याच वेळी जवळच्या दीपगृहापाशी खडकांत पाण्याची डबकी तयार होतात, त्यात बसून राहायला मजा येते. इतापुआ, स्टेला मारिस हे मोकळ्या समुद्राचे किनारे लांब आहेत आणि तिथे लाटांना जोर असतो. लाल झेंडा दिसला तर फक्त पाय भिजवा.

किनाऱ्यावर जाताना न्यायचं काय? कांगा म्हणजे अंथरायचं पातळ सुती कापड, ते तिथेच घ्या. थोडी रोकड, एक कार्ड, सनस्क्रीन. बास. पासपोर्टची फोटोकॉपी जवळ, मूळ प्रत लॉकरमध्ये. एकाने पोहायचं, दुसऱ्याने सामानापाशी बसायचं. दोघं असण्याचा हा मोठा फायदा. खुर्ची-छत्रीवर टेकण्याआधी ‘क्वांतो ए?’ म्हणजे किती, हे विचारा. काही ठिकाणी भाडं नसतं, पण अमुक रकमेचं खाल्लं-प्यायलं पाहिजे अशी अट असते.

बसल्या जागी एक गोष्ट नक्की घ्या. निखाऱ्यांचा डबा तारेच्या कडीला धरून एक माणूस वाळूतून फिरत असतो. हाक मारली की तो डबा झोके देत हलवतो, निखारे लाल होतात, मग काडीला लावलेली चीजची कांडी त्यावर धरून चारी बाजूंनी फिरवतो. कडा तपकिरी झाल्या की वर ओरेगानो भुरभुरवतो, किंवा हवी तर काकवी ओततो. हे ‘केजो क्वाल्यो’. वितळत नाही, दाताखाली कुरकुरतं. शाकाहारी माणसाला किनाऱ्यावर इतकं चांगलं दुसरं काही मिळणार नाही.

खायचं काय

संध्याकाळ झाली की चौकाचौकांत पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला फडकं बांधलेल्या बायका मोठ्या कढया मांडून बसतात. या बायाना. त्यांच्या कामाला ब्राझील सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्या विकतात ते आकाराजे: चवळी भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर वाटायची, पीठ खूप फेटायचं आणि मोठ्या चमच्याने देंदे नावाच्या लालभडक पामतेलात सोडायचं. आपला मेदूवडा आठवेल, फक्त भोक नाही आणि आकाराने दुप्पट. मग तो मधून चिरून आत वातापा (ब्रेड, नारळाचं दूध, शेंगदाणे, काजू आणि सुकी कोळंबी यांचं घट्ट मिश्रण), कारुरू (भेंडीची भाजी), टोमॅटोची कोशिंबीर आणि वर सोडे भरायचे.

मिरची घालण्याआधी ती विचारेल, ‘केंती?’ म्हणजे गरम. तिला तिखट म्हणायचंय. कोल्हापूरच्या जोशात मान डोलवू नका, पहिल्यांदा ‘पोको’ म्हणजे थोडं म्हणा. शाकाहारी असाल तर फक्त ‘सेन कामारांव’, म्हणजे कोळंबी नको, एवढं सांगून भागत नाही. वरचे सोडे ती काढेल, पण वातापा आणि कारुरूमध्येही सुकी कोळंबी असते. तेव्हा ‘सो सालादा’, फक्त कोशिंबीर, असं सांगा. बहुतेक ठिकाणी वड्याच्या पिठात कोळंबी नसते, तरी विचारून घ्या. शेजारी केळीच्या पानात वाफवलेलं आबारा दिसेल, त्याच्या पिठातच बहुधा कोळंबी असते. रिओ व्हर्मेल्योमधले लार्गो दे सांताना आणि लार्गो दा मारिकिता हे दोन चौक यासाठी प्रसिद्ध आहेत. रांग मोठी असेल तिथेच उभं राहा, तिथलं तेल आणि पीठ दोन्ही ताजं असतं. देंदे पोटाला जड पडतं, पहिल्या दिवशी दोघांत एकच घ्या.

मासे खाणाऱ्यांनी मोकेका चुकवू नये. मातीच्या भांड्यात नारळाचं दूध, देंदे, टोमॅटो, कोथिंबीर आणि मासा. मालवणी किंवा गोवेकरी जिभेला हे परकं वाटत नाही, फक्त आंबटपणा कमी आणि तेल जास्त. एक भांडं दोघांना पुरतं, मेनूवर तसं लिहिलेलंही असतं.

रोजचं दुपारचं जेवण ‘पोर किलो’ हॉटेलात घ्या. ताट भरून काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे. भात, भाज्या, सॅलड, अंडी डोळ्यांनी बघून घेता येतात. घेवड्याच्या उसळीत मांसाचे तुकडे असू शकतात, तेवढं विचारा. सकाळी बेइजू मिळतो: कसाव्याच्या पिठाचा पांढरा घावन, आत चीज किंवा ओलं खोबरं. आपल्या उपवासाचा साबुदाणा याच कंदाचा, आणि हा कंदही मूळचा तिकडचाच. पाणी नळाचं पिऊ नका.

वरचं शहर आणि खालचं शहर

साल्वादोर दोन मजली आहे. खाली बंदर आणि बाजार, वर कड्यावर जुनी वस्ती, मध्ये १८७३ पासून चालणारी लासेर्दा लिफ्ट. ७२ मीटरची चढण काही सेकंदांत. दोन्ही शहरांमधले चढ-उताराचे ओसाड रस्ते पायी करू नका, दिवसासुद्धा. लिफ्टच घ्या.

वर पोहोचलात की पेलोरिन्यो. १९८५ पासून जागतिक वारसा. रंगीत घरं, गोटे बसवलेले उतार, फोटो सुंदर येतात. पण या नावाचा अर्थ गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली. म्हणून फिरायला लागण्याआधी तेरेरो दे जेझुस चौकातल्या जुन्या वैद्यकीय विद्यालयाच्या इमारतीतलं आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालय बघा. तिथे ओरिशा, म्हणजे गुलामांबरोबर आफ्रिकेतून आलेल्या देवतांचे माणसाहून उंच लाकडी कोरीव फलक आहेत. ते बघितल्यावर बाहेरचे ढोल, पांढरे कपडे, खाणं, सगळ्याचा संबंध लागतो. सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या सांव फ्रांसिस्को चर्चच्या छताचा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळून एका तरुण पर्यटक मुलीचा मृत्यू झाला आणि चर्च बंद करावं लागलं. सध्या काय स्थिती आहे, हे हॉस्टेलवर विचारूनच जा.

चौकात कोणी हातात रंगीत बोंफिं रिबिन बांधायला आलं आणि ‘भेट आहे’ म्हणालं, तर ती भेट नसते. हसून ‘नांव, ओब्रिगादो’ म्हणा (बाईने ‘ओब्रिगादा’) आणि चालत राहा. रिबिन हवीच असेल तर बोंफिंच्या चर्चपाशी घ्या. तीन गाठी, प्रत्येक गाठीला एक इच्छा. कापोएराचा (नाचासारख्या झटापटीचा) खेळ किंवा नटलेल्या बायानाचा फोटो काढलात तर पैसे मागतात. ते काम करताहेत, आधी ठरवून द्या.

वार बघा

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. सोमवार समुद्राला द्या. मंगळवारी संध्याकाळी पेलोरिन्योच्या उतारावरच्या निळ्या रोझारियो दोस प्रेतोस चर्चमध्ये ढोलांच्या तालावर प्रार्थना होते. हे चर्च काळ्या लोकांच्या बंधुसंघाने स्वतःसाठी बांधलं. प्रार्थनेनंतर गल्ल्यांत वाजवणं सुरू होतं, म्हणून पेलोरिन्योची रात्र बघायची तर मंगळवारीच. शुक्रवारी ओशाला देवासाठी शहरात बरेच जण पांढरं घालतात. तुमच्याकडे एक पांढरा टी-शर्ट असेल तर घाला, लोकांना आवडतं. रविवारी किनारे फुलून जातात.

जानेवारीच्या मध्याला एका गुरुवारी बोंफिं चर्चच्या पायऱ्या धुण्याची मिरवणूक असते, सुमारे आठ किलोमीटर चालत. २ फेब्रुवारीला रिओ व्हर्मेल्योमध्ये येमांजा या समुद्रदेवीला फुलं आणि भेटी बोटीतून नेऊन वाहतात. नारळीपौर्णिमा बघितलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. कांदोंब्लेच्या, म्हणजे ओरिशांना मानणाऱ्या पंथाच्या, एखाद्या मठात विधी बघायचं आमंत्रण मिळालं, तर फिकट कपडे, गुडघे झाकलेले, आणि कॅमेरा बंद.

सांभाळून

इथे चोऱ्या होतात. फोन हातात धरून नकाशा बघत चालू नका. दुकानात शिरा, बघा, बाहेर पडा. सोन्याची साखळी, मंगळसूत्र घरीच राहू द्या. पेलोरिन्योमध्ये उजेड आणि माणसं असलेल्या गल्ल्या सोडून रात्री पुढे जाऊ नका, दोन गल्ल्यांचं अंतर असलं तरी गाडी मागवा. कोणी धमकावलंच तर देऊन टाका, हुज्जत नको. दोघांपैकी एकाला शूर व्हायची लहर येते, ते घरीच बोलून ठेवा. पोलिस १९०, रुग्णवाहिका १९२. पर्यटकांसाठीचं वेगळं पोलिस ठाणं पेलोरिन्योतच आहे, विम्यासाठी तक्रारीचा कागद तिथून घ्या. डेंग्यू आहे, ओडोमॉस किंवा तत्सम काही न्या.

एक दिवस पलीकडे

लासेर्दा लिफ्टच्या खाली मेर्कादो मोदेलो बाजार आणि त्याच्या मागे बोटींचा धक्का. तिथून इतापारिका बेटावरच्या मार ग्रांदेला लाँच जाते, पाऊण तासाचा प्रवास. पाणी फार उतरलं की लाँच बंद ठेवतात किंवा फेऱ्या कमी करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खोल जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि सकाळची लाँच धरा. मोरो दे सांव पावलो या दुसऱ्या बेटावरच्या गावाला जाणारी कॅटमरान बोटही याच भागातून सुटते, पण ती अडीच तास मोकळ्या समुद्रातून जाते आणि भले भले ओकतात. गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, मधोमध मागच्या बाजूला बसा. एका दिवसात जाऊन येण्यासारखं ते नाही, तिथे रात्र काढा.

मार ग्रांदेला उतरताच तिकीट खिडकीवर परतीची शेवटची लाँच किती वाजता, ते विचारून कागदावर लिहून घ्या. संध्याकाळी फेऱ्या लवकर संपतात. चुकली, तर व्हॅनने बोम देस्पाशोला जाऊन तिथली मोठी फेरीबोट पकडायची. ती सांव जोआकिंच्या धक्क्याला लागते. तो भाग रात्री पायी फिरण्याचा नाही, आतूनच उबर मागवा आणि गाडी आल्यावरच बाहेर पडा.